दारावरचा लाल ठिपका

दुधनीजवळ, १२ जुलै २०२५

मावशी,

कानाचं मशीन तू पुन्हा डब्यात घालून ठेवलंयस, असं शिवयोगी सांगत होता. म्हणजे फोन करून उपयोग नाही, आणि मोबाइलवर लिहिलेलं तुला लिहिल्यासारखंच वाटत नाही. तेव्हा आपलं पत्र बरं. आमची औषधांची गाडी दर शनिवारी सोलापूरला येते, शिवयोगीच चालवतो. त्याच्याबरोबर पत्र देत जाईन. त्याला जेवायला घाल, पण पुरणपोळी नको. मागच्या वेळी तो तुझ्याच ओसरीवर झोपला आणि इकडे आम्ही सलाइनची वाट बघत बसलो.

दवाखान्याची नवी पद्धत काय म्हणून तू विचारलंस. साधं सांगते. आजवर माणूस आजारी पडून आमच्या दारात आला की दवाखाना चालायचा. या एप्रिलपासून सगळं उलटं झालंय. एका संस्थेने आजूबाजूच्या गावांमधल्या यच्चयावत माणसांची तब्येत आमच्या गळ्यात बांधली आहे. वर्षाची रक्कम ठरलेली. माणसं धडधाकट राहिली तर आम्ही तरतो, अत्यवस्थ होऊन येत राहिली तर बुडतो. खाट रिकामी दिसली की मी हसायचं, असा हा कारभार आहे.

म्हणून आमच्या नर्स दारोदार जातात. रक्तदाब, साखर, गरोदर बायका, सगळं तपासतात. ज्या घरात धोक्याचा पेशंट असेल त्या घराच्या चौकटीवर लाल रंगाचा ठिपका लावतात. कल्पना माझीच. त्या घरातून हाक आली तर आशाताईने, रिक्षावाल्याने, कुणीही एक क्षण दवडू नये म्हणून.

पण खरं सांगू? मला भीती वाटते. संध्याकाळी एखाद्या गावातून परत येताना दोन्ही बाजूंच्या चौकटींवर ते ठिपके दिसतात आणि मी मान खाली घालते. ऑगस्टमध्ये संस्थेची माणसं आढावा घ्यायला येणार आहेत. लाल कमी झाले नसतील तर करार संपला, आणि करार संपला की दवाखान्याला कुलूप. मग इथली बाई अडली तर तिला न्यायचं कुठे? आमचे ट्रस्टचे सचिव अवधूतराव रोज सकाळी दारातूनच विचारतात, "डॉक्टर, लाल किती?" त्यांची चाहूल लागली की मी आकडा पुन्हा मोजायला घेते.

हे कुणाला सांगता येत नाही. मी इथली प्रमुख आहे ना.

तुझी,
ज्ञानदा


सात रस्ता, सोलापूर
१६ जुलै

ज्ञानू,

मशीन डब्यात नाही, डब्यावर आहे. शिवयोगीला सांग, चहाड्या करायच्या तर नीट बघून कराव्यात. ते कानात घातलं की सात रस्त्यावरचे सगळे हॉर्न थेट डोक्यात शिरतात. पस्तीस वर्षं शाळेत पोरांचा कलकलाट ऐकला, आता थोडी शांतता मिळाली तर तुम्हाला का बघवत नाही?

घाबरतेस ते कळलं. लहानपणीही तू परीक्षेपेक्षा निकालाला घाबरायचीस. पेपर झाला की खुशाल खेळायला जायचं सोडून माझ्या पदराला धरून फिरायचीस. तेव्हा मी तुला गूळ-शेंगदाणे द्यायची. आताही शिवयोगीबरोबर पाठवते आहे, त्याने वाटेत संपवले नाहीत तर मिळतील.

आता माझं काम ऐक. माझ्याकडे धुण्याभांड्याला येणारी भवानी पेठेतली चंद्रव्वा तुला ठाऊक आहे. तिची ईरम्मा तुझ्या हिरेबावीत दिली आहे. पहिलटकरीण, सहावा संपत आलाय. सोमवारी चंद्रव्वा माझ्यासमोर बसून रडायला लागली. आधी मला वाटलं, पुन्हा तिच्या घरमालकाचं काहीतरी. मग तिने माझ्या कानाशी येऊन ओरडून सांगितलं, "बाई, लेकीच्या दारावर लाल लावल्यात वो! सासू म्हणती, ही पोरगी आली अन् घराला काय लागलं की. माजी पोर जगती का न्हाय, तुमच्या डॉक्टर भाचीला इचारा की!"

बघ, तुझ्या ठिपक्याचा असा अर्थ लागतोय. तू खूण केलीस हाक मारायला, आणि गावाला वाटतंय की घराला काही बाधलं. तुम्ही शिकलेली माणसं खुणा छान करता, पण त्या वाचणार कोण ते विसरता.

माझी एकच विनंती आहे. ईरम्मा तुझीच समज. ही पोर माझ्या स्वयंपाकघरात रांगली, अ-आ-इ मीच गिरवून घेतलं तिच्याकडून. घरी कानडी, शाळेत मराठी, दोन्हीत गोड बोलायची. चंद्रव्वाला मी शब्द दिलाय की ज्ञानदा बघेल. माझा शब्द खाली पडू देऊ नकोस.

प्रेमलामावशी


दुधनीजवळ, २४ जुलै

मावशी,

गूळ पोचला, शेंगदाणे निम्मे पोचले.

मंगळवारी बुद्धप्रियाबरोबर हिरेबावीला जाऊन आले. बुद्धप्रिया म्हणजे त्या गावाची आमची नर्स. पोरगी नवी आहे, पण काम चोख, सांगितलेलं तंतोतंत करते. ईरम्मा चुलीपुढे भाकरी थापत होती. मी तुझी भाची म्हटल्यावर इतकी हसली की तवा उतरवायचा विसरली. "बाईंना अजून ऐकू येत न्हाय व्हय?" म्हणाली.

मावशी, तिचं लक्षण मला आवडलं नाही. रक्तदाब बराच वर आहे. पायावर बोट दाबलं तर खळगा तसाच राहतो. गोळ्या सुरू केल्या आहेत. तिच्या नवऱ्याला, विरेशला, समोर बसवून बजावलं की बाळंतपण होईपर्यंत एकही गोळी चुकवायची नाही. डोकं ठणकलं, डोळ्यांपुढे चमकायला लागलं, तोंड सुजलं, तर शेत टाकून गाडी काढायची. या दुखण्यात बाईला आकडी येते, आणि आकडी आली की आई आणि मूल दोघं हातातून जातात. हे तुला लिहिते, तिला एवढं उघड सांगितलं नाही.

तिची सासू बसव्वा कोपऱ्यात उभी राहून सगळं ऐकत होती. मी निघताना एवढंच म्हणाली, "ते लाल कवा काढतायसा?"

ठिपक्याचं तू लिहिलंस ते पटलं. इथे एका म्हाताऱ्याला मुलगा पुण्याला घेऊन गेला, ठिपका मात्र दारावर तसाच राहिला आणि त्यापायी त्याच्या नातीची सोयरीक फिसकटली. म्हणून आता मी नियमच केलाय. धोक्याचा पेशंट घरात राहत नसेल तर नर्सने त्या घरावरचा ठिपका लगेच पुसायचा. लोकांनाही उगाच घोर नको, आणि नर्सची फेरीही वाया जात नाही. रोजच्या आकड्यातही मग घोळ राहत नाही.

चंद्रव्वाला सांग, पोरीवर माझी नजर आहे. पण नजर ठेवायची म्हटलं की मला अशी कितीतरी दारं दिसतात.

ज्ञानदा


दुधनीजवळ, १ ऑगस्ट

मावशी,

आज मी चक्क रडले, आणि आनंदाने.

लाल ठिपके कमी झाले! हळूहळू नाही, या आठवड्यात एकदम. आज सकाळी सगळ्या गावांचे आकडे आले तेव्हा मला खरंच वाटेना, पुन्हा मागवले. तेच आले. गरोदर बायकांमधले तर जवळजवळ सगळे गेले. म्हणजे गोळ्या लागू पडताहेत, दारोदार फिरल्याचं चीज झालं. अवधूतरावांनी "लाल किती?" विचारलं, मी कागद पुढे केला, तर त्यांनी आधी चष्मा पुसला आणि मग दुधनीहून पेढे मागवले. आढावा एकवीस तारखेला आहे. महिनाभरात पहिल्यांदा मला जेवण गोड लागलं.

काल गावातून गाडी आणली तेव्हा पहिल्यांदा मान वर करून चौकटी बघितल्या. पंचमी नुकतीच झाली ना, झाडाझाडाला झोके बांधलेले, माहेरवाशिणींचा नुसता कल्ला. इतक्या दिवसांत मला हे दिसलंच नव्हतं बघ, मी फक्त ठिपकेच मोजत होते.

आणि मुख्य म्हणजे हिरेबावीत एकही लाल ठिपका उरला नाही. तुझ्या ईरम्माच्या दारावरचाही गेला. चंद्रव्वाला हे मुद्दाम वाचून दाखव, जिवाला लागलं होतं तिच्या.

तू दिलेला शब्द राखला की नाही मी?

तुझी,
ज्ञानू


सात रस्ता, सोलापूर
६ ऑगस्ट

ज्ञानू बाळ,

राखलास गं, राखलास! तुझं पत्र मी चंद्रव्वाला दोनदा वाचून दाखवलं, आणि एकदा ईरम्माला.

होय, ईरम्मा इथेच आहे. पंचमीला आली माहेरी, आता बाळंत होऊनच जाईल. पहिलं बाळंतपण आईकडेच व्हायचं, त्यात तुझी कसली पद्धत चालायची नाही. ती निघाली त्याच दिवशी तुमची नर्स येऊन दारावरचं लाल पुसून गेली म्हणे. बसव्वाने गल्लीभर साखर वाटली. आपल्याकडे लाल पुसणं अभद्र मानतात, आणि हिरेबावीत त्याची साखर वाटली जाते. हा तुझाच प्रताप!

पोर कशी दिसतेय म्हणून सांगू? हिरेबावीला काटकी झाली होती असं तूच म्हणशील, इथे येऊन आठ दिवसांत गाल असे भरलेत की बांगड्याही चढेनात. चंद्रव्वा म्हणते, माहेरचं पाणी मानवलं. गोळ्या विचारल्या तर म्हणाली, "लाल पुसलं की बाई. रोगच गेला, आता गोळ्या कशाला पोटात घालायच्या? लेकराला बाधतंय." मलाही ते पटलं. तूच तर लिहिलंस, ठिपका गेला म्हणून. तरी मी म्हटलं, एकदा ज्ञानदाला विचारते.

डोकं तेवढं दुखतं म्हणते. क्षणभर तुझ्या पत्रातली लक्षणं आठवली, पण रोगच गेलाय म्हटल्यावर घाबरायचं कशाला? भवानी पेठेत शेजारी यंत्रमागाची खडखड दिवसभर चालते, त्यात कुणाचं दुखणार नाही? मी बाम लावून दिला. काल माझ्याकडे तांदूळ निवडत होती तर मधेच डोळे चोळायला लागली. काजवे दिसतात म्हणाली. मी म्हटलं, दिवसा काजवे दिसायला तू कुठली कवयित्री!

पुढच्या गुरुवारी ते तिला मामाच्या गावी नेणार आहेत, कुबशाला. आपलं डोहाळजेवण तेच त्यांचं कुबसा. एसटीने जातील. हिरवी साडी मी घेतली आहे.

शनिवारी राखीची सुट्टी आहे, शिवयोगी बहिणीकडे जाणार म्हणून तुमची गाडी सोमवारी येईल असं कळलं. तोवर हे पत्र पाटाखाली ठेवते.

मावशी


११ ऑगस्ट, संध्याकाळ

मावशी,

तुझं पत्र आत्ता, या क्षणी वाचलं. शिवयोगी अजून गाडीतून उतरला नव्हता, त्याला तसाच परत पाठवते आहे. माझ्यासमोर टेबलावर एक बाई आहे, मूल आडवं आलंय, मी हलू शकत नाही.

ईरम्माचा रोग गेलेला नाही. ती घरातून गेली म्हणून ठिपका पुसला. नियम माझाच होता, माहेरी गेल्या म्हणून सगळ्यांचे पुसले गेले, आणि मला वाटलं बऱ्या झाल्या. ते गाल भरलेले नाहीत, ती सूज आहे. काजवे म्हणजे आकडीच्या आधीची खूण आहे.

हे वाचून होताच गाडीत बस. भवानी पेठेतून तिला उचल आणि थेट सरकारी दवाखान्यात ने. सोबतचा दुसरा कागद तिथल्या डॉक्टरांना दे. चंद्रव्वाचा फोन बंद आहे, विरेश रानात आहे, तुझ्या शेजारच्या आशिषला लावते आहे तर तोही उचलत नाही. ती नको म्हणाली तरी ने. चंद्रव्वा भांडली तरी ने. चपला शोधत बसू नकोस.

मावशी, मला फार भीती वाटते आहे.


सोलापूर, १२ ऑगस्ट, सकाळ

ज्ञानदा,

दवाखान्याच्या पायरीवर बसून लिहिते आहे. शिवयोगी थांबलाय, त्याच्याजवळ देते. नीट वाच, आणि उभी असशील तर आधी बस.

तुझी चिठ्ठी वाचून मी अनवाणीच निघाले. भवानी पेठेत पोचले तर ईरम्मा दारात बसलेली, चंद्रव्वा तिची वेणी घालत होती. मी गाडीत बसा म्हटलं तर चंद्रव्वा हसायला लागली. मी चिठ्ठी वाचून दाखवली तसं तिचं हसू मावळलं आणि ती चिडली. ओरडून बोलत होती म्हणून मला सगळं ऐकू आलं. "त्या दिवशी तुमीच वाचून दावला की, लाल गेलं म्हणून! डॉक्टरबाईनीच लिवलंय म्हणलासा! आज म्हणतासा रोग हाय! कोणचं कागद खरं मानायचं आमी?"

 दोन्ही कागद तुझेच होते आणि वाचणारी मीच होते.

तेवढ्यात ईरम्माही ओरडली, "अव्वा, बाई कुटं हायत? दिसंना मला." मी तिच्यासमोर हातभर अंतरावर उभी होते गं.

मग चंद्रव्वाने वेणी अर्धीच सोडली. आम्ही तिघांनी धरून तिला गाडीत घातलं. सात रस्त्यावर गाड्यांची कोंडी झालेली, शिवयोगी हॉर्न दाबून धरून बसला होता. तिथे तिला पहिली आकडी आली. माझ्या मांडीवर डोकं होतं. तिचे दात लागले, मान वाकडी झाली, तोंडातून फेस आला, सगळं अंग गाडीच्या दारावर आपटायला लागलं. चंद्रव्वा काय ओरडत होती ते मला ऐकू येत नव्हतं, नुसतं उघडलेलं तोंड दिसत होतं. आयुष्यात प्रथमच मी बहिरी असल्याबद्दल देवाचे आभार मानले, आणि लगेच त्याची लाज वाटली.

डॉक्टरांनी तुझा कागद पाहिला आणि तिला धावतच आत नेलं. मूल काढावं लागलं. मुलगी होती. थोडा वेळ होती. चंद्रव्वाने तिला बघितलं, मी नाही बघू शकले.

ईरम्मा जिवंत आहे. शुद्ध नाही. रक्तदाब अजून उतरत नाही, पुढचे काही दिवस सांगता येत नाही असं इथल्या डॉक्टरीणबाईंनी मला कागदावर लिहून दिलं. तो कागद माझ्या मुठीत आहे.

बाम लावला मी तिला, ज्ञानू. काजव्यांची थट्टा केली.

ये.

मावशी


दुधनीजवळ, २३ ऑगस्ट

मावशी,

त्या दिवशी मी आले, तुझ्याशेजारी पायरीवर बसले, आणि आपण दोघी काही बोललो नाही. तुला ऐकू येत नाही हे कारण दोघींनाही सोयीचं होतं. जे तेव्हा बोलले नाही ते आता लिहिते.

इथे परतल्यावर पहिलं काम म्हणजे पुसलेल्या सगळ्या घरांची नावं काढली. बुद्धप्रियाने वही पुढे केली. "मॅडम, तुम्हीच सांगितलं होतं, घरात नसेल तर पुसायचं," म्हणाली. मी म्हटलं, तुझं काहीच चुकलेलं नाही. मग आम्ही सगळ्या मिळून त्या बायकांची माहेरं शोधायला निघालो. कुणी अक्कलकोटला, कुणी सोलापुरात, कुणी सीमेपलीकडे आळंद, अफजलपूरच्या खेड्यांत. आपल्याकडे बाई अवघडली की माहेरी जाते, हे मला माहीत नव्हतं का? मीही तुझ्याकडेच आले होते की बाळंतपणाला. पण आकडा खाली आला आणि मला काही आठवेनासं झालं. झोक्यांवर आलेल्या लेकी दिसल्या, त्याच वेळी गेलेल्या सुना दिसल्या नाहीत.

बहुतेक सगळ्या सापडल्या. जवळजवळ सगळ्यांनी गोळ्या बंद केल्या होत्या. सगळीकडे तेच उत्तर, लाल पुसलं की. अजून दोघींचा पत्ता नाही. फोन वाजला की मी आधी डोळे मिटते, मग उचलते.

गुरुवारी सात रस्त्याजवळच्या एका हॉटेलात आढावा झाला. तुझ्या घरापासून हाकेच्या अंतरावर. अवधूतरावांनी आदल्या दिवशी मला बाजूला घेतलं. वाईट माणूस नाहीत ते, दवाखाना त्यांच्या वडिलांनी उभा केलेला आहे. म्हणाले, "ती बाई आपल्या हद्दीबाहेर बाळंत झाली. आपल्या आकड्यात ती येतच नाही. तुम्ही खोटं काहीच बोलायचं नाही, फक्त विषय काढायचा नाही. दवाखाना बंद पडला तर उद्याच्या ईरम्मांनी जायचं कुठे?" 

हॉलमध्ये पडद्यावर आमच्या गावांचा नकाशा होता, लाल नाही म्हणून सगळी गावं हिरवी. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी उभी राहिले. मी म्हटलं, हे हिरवं खोटं आहे, आमच्या धोक्याच्या बायका बऱ्या झाल्या नाहीत, त्या माहेरी गेल्या, आणि त्यातल्या एकीचं मूल गेलं. टाळ्या वाजवलेले हात कुठे ठेवावेत ते कुणाला कळेना. अवधूतराव खाली बघत होते. संस्थेवाले म्हणाले, विचार करून कळवू. करार राहतो की जातो ते मला माहीत नाही. 

तिथून परत येताना हिरेबावीला गेले. मला वाटलं होतं बसव्वा शिव्या देईल. मी त्या शिव्यांसाठीच गेले होते असंही म्हण. तिने मला घोंगडं टाकून बसवलं, पाणी दिलं, आणि समोर बसून खरोखरच विचारावं तसं विचारलं, "डॉक्टरबाई, तुमच्याच माणसानं लाल पुसलं न्हवं? मग लेकरू का गेलं वो?"

मी उठले.

चौकटीवर जिथे ठिपका होता तिथे अजून तांबूस डाग आहे. नीट पुसला गेला नव्हता.

ईरम्माची शुद्ध परत आल्याचं आणि तिला दिसायला लागल्याचं कळलं. तिला माझा निरोप काय सांगू ते सुचत नाही. तूच काहीतरी सांग.

ज्ञानदा


सात रस्ता, सोलापूर
२६ ऑगस्ट

ज्ञानू,

ईरम्माला काल घरी सोडलं. घरी म्हणजे माझ्या घरी. भवानी पेठेत यंत्रमाग आहेत, आणि इथून दवाखाना जवळ. चंद्रव्वा भांडी घासायला येते ती आता जातच नाही, लेकीजवळ भिंतीला टेकून बसते. ती माझ्याशी बोलत नाही, पण माझ्या ताटात वाढते. मी दुसऱ्यांदा वाढून घेते.

मशीन कानात घातलं आहे. काढत नाही. शेजारच्या खोलीत ईरम्माचा श्वास ऐकत बसते. मधेच तो हळू झाला की मी उठून बघून येते. हॉर्न ऐकू येतात, येऊ देत.

तुझा निरोप काही सांगितला नाही. तुझं पत्रच वाचून दाखवलं, सगळं, बसव्वाच्या प्रश्नासकट. यापुढे तुझ्या पत्रातलं गाळून किंवा निवडून मी काही वाचणार नाही.  मग तिने विचारलं, "बाई, माजं अजून वर हाय का?" म्हणजे रक्तदाब. मी म्हटलं, हाय. डॉक्टरीणबाई म्हणाल्यात, मूल झाल्यावरही काही आठवडे जपायचं, अजूनही काही होऊ शकतं. मी काही लपवलं नाही. ती घाबरली, चंद्रव्वा घाबरली, आणि मी तर आधीपासूनच घाबरलेली होते.

मग ती म्हणाली, "तर मग लाल कुटं हाय?"

चंद्रव्वा उठली. देवघरातला करंडा घेऊन दारात गेली आणि माझ्या चौकटीवर कुंकवाचा चांगला रुपयाएवढा ठिपका लावला. पुसलं जाऊ नये म्हणून वर तेलाचं बोट फिरवलं. शेजारच्या आशिषने विचारलं, "मावशी, दारावर काय हे?" मी सांगितलं, की या घरातून हाक आली तर एक क्षण दवडू नकोस, आणि फोन उशाशी ठेव.

आता तुझ्या वहीत काय लिहायचं ते तू बघ. हिरेबावी तुझ्या हद्दीत आहे आणि सात रस्ता नाही, हे मला समजतं. पण तुझा लाल ठिपका माझ्या दारावर आलाय, आणि आत ईरम्मा आहे. त्या दोघी अजून सापडल्या नसतील तर आधी त्यांना शोध. सापडल्या की इकडे ये.

ती जागी आहे. तुझी वाट बघते आहे.

मावशी